पाय कुठवर आपला

हौशीरामने उजवा बूट काढून बाजूला ठेवला, बूट कलंडला आणि त्यातून साप बाहेर आला.

बाहेर आला म्हणजे चालून नाही आला. बूट जेवढा कलंडला तेवढाच आला आणि फरशीवर पडून राहिला. वीत-दीड वीत लांब, काळपट तपकिरी अंग, अंगावर आडवे फिकट पट्टे, आणि जिथं डोकं असायला हवं तिथं पोळपाटावर लाटून उचललेलं काहीतरी. भोवती बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. ताटांत लाह्या, दूध, हळदकुंकू, आघाड्याची पानं. नागपंचमीचा दिवस. या दिवशी मावळात कुणी नांगर धरत नाही, विळीवर भाजी चिरत नाही, तवा चुलीवर चढवत नाही. न जाणो, जमिनीखाली कुणाच्या फण्याला लागायचं. आणि हौशीराम बेगडेवाडीहून लोकलने कामशेत, कामशेतहून जीपने बेडश्याच्या फाट्यापर्यंत आणि तिथून पायी इथवर, आपल्या मूळ गावी, अख्खा साप पायाखाली तुडवत आला होता. लोकलमध्ये एका माणसाने त्याच्या ह्याच पायावर पाय दिला होता आणि ‘सॉरी काका’ म्हटलं होतं. हौशीरामने मोठ्या मनाने ‘असू दे’ म्हटलं होतं. ती माफी खरी कुणाला मागायला हवी होती हे आता फरशीवर उताणं पडलं होतं.

तो भीतीची वाट पाहत उभा राहिला. कुणाला आणायला स्टेशनवर जावं, गाडी यावी, माणसं उतरून आपापल्या वाटेने जावीत आणि आपला पाहुणा त्यात नसावाच, तसं झालं. भीती आली नाही. त्याने पायाकडे पाहिलं. मोजा घामाने ओला, अंगठ्यापाशी काळपट डाग. तो पाय त्याला फार ओळखीचा वाटला नाही. साखर झाल्यापासून पायांचं हे असंच चाललं होतं. डॉक्टरांनी एकदा नायलॉनचा दोरा घेऊन तळव्याला टोचून टोचून विचारलं होतं, आता कळतंय का, आता कळतंय का; आणि हौशीराम, जन्मात कुठल्या प्रश्नाला गप्प न बसलेला माणूस, छताकडे बघत गप्प पडून होता. पाय आहेत, चालतात, पण ते भाडेकरूसारखे; खाली राहतात, त्यांचं काय चाललंय ते वरच्याला कळत नाही. म्हणून मग मुलाने, आदिनाथने, चिंचवडहून हे मऊ बूट आणले. एक नंबर मोठे, कारण घट्ट बुटाने जखम होते आणि झालेली जखम ह्या पायाला सांगता येत नाही. त्या एका नंबरच्या जागेत सापाने बिऱ्हाड केलं होतं. गावाकडं राहत असता तर हौशीरामने पायात घालण्याआधी बूट आपटला असता. इथं पोरंसुद्धा पायतान आपटल्याशिवाय घालत नाहीत. पण बेगडेवाडीत, पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कुंडी आणि गॅसच्या टाकीच्या मधे ठेवलेल्या बुटात कोण साप शोधतो? इमारतीच्या मागची टेकडी वर्षभर यंत्रं कुरतडत होती. तिच्या पोटातलं सगळं गणगोत रस्त्यावर आलं होतं. मागच्या महिन्यात एक धामण लिफ्टमध्ये शिरली आणि तिसऱ्या मजल्यावर उतरली. तिला तिसराच मजला हवा होता, असं हौशीराम सगळ्यांना सांगे, कारण तिथल्या बाईंकडं उंदीर फार. सून प्रेरणा म्हणे, “बाबा, तुम्ही साप साप करता म्हणून येतात ते.”

“आगं बया!” कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळं एकदम सुरू झालं. “नागोबा! हौशाच्या बुटात नागोबा!”

“चालत आला गं भावासंगं!”

“चालत कुटला? लोकलनं आलाय त्यो.”

“मेलाय बाई.”

“मेला न्हाई. निजलाय,” सरुबाई म्हणाली. ही गावातली सगळ्यात जुनी म्हातारी, तिच्या शब्दाबाहेर वारासुद्धा जात नाही. “येवढा परवास झालाय, दमणार न्हाई व्हय? दूध घाला त्येला.”

आणि खरंच, बायका वाकल्या. कुणी हळद टाकली, कुणी कुंकू, कुणी लाह्या. दुधाची धार फरशीवरून हौशीरामच्या मोज्यापर्यंत आली. सापाचे पट्टे बघता बघता पिवळ्या-लाल चिखलाखाली गेले. समोर ज्याची पूजा करायला सगळ्या आल्या होत्या ते वारूळ उभं होतं, पण आता त्याकडं कुणाची पाठ होती तर कुणाची कूस. त्या वारुळालाही त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. ते सिमेंटचं होतं.

जुनं वारूळ इथंच, ह्याच बांधावर, करंजाच्या झाडाखाली होतं. हौशीरामच्या बापाच्या उंचीचं, आणि बापासारखंच एका अंगाने कललेलं. खाचरं विकली गेली, बंगल्यांची योजना आली, तिचं नाव इंग्रजी, उच्चारताना जीभ दोनदा घसरे असं. सपाटीकरणात वारूळ गेलं. बायकांनी फाटकावर बसून ओरडा केला, तेव्हा योजनेच्या साहेबांनी, माणूस वाईट नव्हता, पोहण्याच्या तलावाच्या कडेला नवं वारूळ बांधून दिलं. तपकिरी रंग, वर तीन शेंडे, आत बल्ब. आणि भोकांना बारीक जाळी, आत काही शिरू नये म्हणून. वर्षातून एक सकाळ फाटक उघडायचं असं ठरलं. यंत्राने जुनं वारूळ फोडलं त्या दिवशी हौशीराम हजर होता. मातीचा ढिगारा उलटला तेव्हा आतून काय काय निघालं ते तो पुढं लोकांना सांगे: नागाची जोडी, सात अंडी, एक तांब्याचा हंडा, आणि हंड्यावर बसलेली घोरपड, जिने यंत्र चालवणाऱ्याकडं असं पाहिलं की तो नोकरी सोडून आळंदीला गेला. खरं म्हणजे आतून मातीच निघाली होती. थोडी वाळवी, एक मलूल बेडूक. आणि हौशीराम तेव्हा कडेला उभा राहून भेळ खात होता. भेळेत कांदा जास्त होता, एवढंच त्याला त्या दिवसाचं नीट आठवत होतं.

लीलाबाई गेली तेव्हाही असंच. बायकोला जाळायला नेलं, लोक रडले, आदिनाथ रडला, प्रेरणा तर चक्कर येऊन पडली. आणि हौशीराम विचार करत होता की निघताना दूध गॅसवर ठेवलं होतं, ते उतू गेलं असेल. शेजारी म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला. रडं येईल म्हणून तो दहाव्यापर्यंत थांबला, मग तेराव्यापर्यंत, मग वर्षश्राद्धापर्यंत. आता तो थांबलाय हेही विसरला होता. डॉक्टर म्हणतात बधिरपणा पायातून वर चढत जातो. हौशीरामचा बहुधा आधी डोक्यातून खाली उतरायला लागला होता, आणि दोघांची कुठंतरी मधे, पोटाच्या आसपास, गाठ पडायची राहिली होती.

“मामा,” फाटकावरचा रखवालदार मोईन गर्दीत घुसत म्हणाला. कामशेतचा पोरगा, निळा गणवेश, हातात काठी. “मामा, चावला तर न्हाई ना तुमाला?”

लाह्या टाकणारे हात थांबले. हा प्रश्न पूजेत कुणाला सुचला नव्हता.

हौशीराम खाली बसला आणि त्याने मोजा काढला. अंगठ्याच्या बाजूला दोन टिपके होते. पण करंगळीजवळ एक होता, घोट्यावर तीन, टाचेला भेग, भेगेत जुनं रक्त. त्या पायावर रोज काही ना काही होत असे आणि कशाचीच नोंद वर पोचत नसे. दोन टिपके दाताचे असतील, खड्याचे असतील, मागच्या आठवड्याचेही असतील. त्याने अंगठा दाबला. दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा दाबावा तसा तो दाबला गेला.

“कोन हाय पन ह्यो?” मोईनने काठीच्या टोकाने हळदीचा गोळा जरा हलवला. “मामा, तुमी सांगा. तुमाला ठावं.”

इथं खरी गंमत होती. देहूरोडच्या लष्करी डेपोत हौशीरामने नोकरीभर सापांवर राज्य केलं होतं. डेपोत गवत माणसाच्या छातीएवढं, शेड जुन्या, साप रोजचा. कुठं काही सळसळलं की हौशीरामला बोलावणं यायचं. तो येईपर्यंत साप निघून गेलेला असे, आणि मग निघून गेलेल्या सापाची हकिगत कँटीनमध्ये चहाबरोबर सुरू होई. एकदा म्हणे आग विझवायच्या कवायतीत त्याने अंधाऱ्या शेडमधून नळी ओढून आणली, बंबाला जोडली, पाणी सोडलं. नळी फुगली, आणि मग नळीने मान वळवून साहेबाकडं बघितलं. अजगर होता. साहेबाने त्याची बदली पठाणकोटला केली, म्हणजे अजगराची. लोक पोट धरून हसत. मण्यार आणि कवड्या यांतला फरक त्याने इतक्यांदा, इतक्यांना सांगितला होता की त्याच्या नावाने तो डेपोत पाठ होता: दोघं दिसायला सारखे, दोघांच्या अंगावर पट्टे; कवड्या गरीब, घरात पाली खाऊन राहणारा, आणि मण्यार, ती चावलेली कळतही नाही, दुखत नाही, सुजत नाही, माणूस नुसता जडावतो, पापण्या मिटायला लागतात, आणि मग छातीचा भाता थांबतो. ओळखायचं पट्ट्यांवरून. एकीचे पट्टे डोक्याकडं ठळक असतात, शेपटीकडं विरत जातात, दुसऱ्याचे उलट. कुणाचे कसे? हौशीरामने मनातल्या मनात दोन्ही बाजू लावून पाहिल्या. गोष्टीला जसं हवं तसं त्याने दर वेळी फिरवून सांगितलं होतं. आता दोन्ही तितकंच खरं वाटत होतं. आत कुठं तरी, सगळ्यांच्या खाली, बापाने बांधावर बसून दाखवलेलं एक साधं खरं असणार. पण त्यावर एवढी माती पडली होती की कुठल्याही यंत्राला ते आता सापडलं नसतं.

“कवड्या,” तो म्हणाला. “ल्हानसा कवड्या हाय. काय न्हाई त्यात. करा पूजा.”

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. सरुबाई म्हणाली, “मी म्हनलं न्हवतं?” आणि पुन्हा लाह्या पडू लागल्या.

पण आक्काबाई हलली नव्हती. हौशीरामची थोरली बहीण, शेजारच्या वाडीत दिलेली. काल भावाचा उपास केलेला. भावाला आयुष्य मिळावं म्हणून नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी करतात तो. वारूळ पुजल्याशिवाय सुटत नाही. कालपासून तोंडात पाण्याखेरीज काही नाही, हातात ताट, आणि ती भावाच्या तोंडाकडं बघत होती. सापाकडं तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

“काय म्हनलास?”

“कवड्या.”

“ल्हानसा?”

“मग काय तर.”

तिने ताट सरुबाईच्या हातात दिलं. “मोईन, गाडी काढ बाबा.”

“आक्का, अगं काय—”

“गप. तुझ्या ह्या तोंडानं आजपतूर सापाला ल्हान म्हनलं न्हाई. दोरखंडाचा अजगर केला, गांडुळाचा नाग केला. तुला तापाची कणकण आली तरी गावाला पटकी झाली म्हनून सांगत सुटायचास. आनि आज म्हनं ल्हानसा कवड्या.” तिचा आवाज चढला नव्हता, पोटात अन्न नाही तर आवाज कुठून चढणार. “ऊठ. तुला ठावं न्हाई ह्यो कोन हाय ते. तुला कायबी ठावं न्हाई.”

“पूजा ऱ्हाईली की गं तुझी,” सरुबाई म्हणाली. “उपास?”

“ऱ्हाऊ दे.”

तिने नागोबाला हळदकुंकवासकट द्रोणात उचललं, द्रोणावर द्रोण उपडा घातला, आणि तिघं मोटारसायकलवर बसले. पुढं मोईन, मधे हौशीराम, मागं आक्का. एका पायात बूट, एक पाय उघडा. मोईन सारखा सांगत होता, “मामा, पाय उचलून धरा, सायलेन्सरला लागंल,” आणि हौशीरामला पाय उचलला आहे की नाही ते खाली बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना कुंपणं. कुंपणाआड हिरवळी, बाहेरून गाडीतून आणून गालिच्यासारख्या पसरलेल्या. हिरवळीवर पाणी उडत होतं, वर श्रावणाची झिमझिम चालू असताना. एका फाटकापाशी मोर उभा होता आणि बंद काचेत दिसणाऱ्या मोराला तो चोच मारत होता, काच मात्र मागं सरत नव्हती. मधेच जिथं एखादं खाचर उरलं होतं तिथं भात गुडघ्याएवढा झाला होता. हौशीरामच्या मनात आलं, मरणं हे असं असेल तर फार त्रासाचं नाही. मोटारसायकलवर बसल्यासारखंच, मधे बसायचं, पुढचा चालवतो, मागचा धरतो. मग त्याला वाटलं, हे वाटणंच तर विष नसेल? जडावणं असंच सुरू होत असेल. तो जडावला होता हे खरं. पण तो गेली कित्येक वर्षं जडावलेला होता. एवढ्या जुन्या जडपणात आजचा नवा जडपणा कसा ओळखायचा?

कामशेतच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, नातीच्या वयाच्या. त्यांनी द्रोण उघडून पाहिला. “हे प्रसाद म्हणून आणलंय का?” त्यांनी विचारलं. मग साप धुवायला पाठवला, फोटो काढायला सांगितलं, कुणा जाणकाराला पाठवते म्हणाल्या, आणि हौशीरामला खाटेवर निजवलं. रक्त काढलं. सलाईन लावलं. छातीवर गार चकती ठेवून ऐकलं.

“कुठपर्यंत बधिर आहे, आजोबा?”

“पाय.”

“हो, पण कुठपर्यंत? शुगरमुळे आधीच असेल ना. आज वाढलंय का वर?”

हौशीराम पायाकडं बघू लागला. डॉक्टरीणबाईंनी आक्काकडं पाहिलं, “तुम्ही बघा जरा दाबून, मी आले,” म्हणून त्या शेजारच्या खाटेवर ओरडणाऱ्या पोराकडं गेल्या. आक्काने पदर खोचला. चुलीतली लाकडं मागं सारावीत तशी दोन्ही हातांनी ती त्याचा पाय दाबत वर सरकू लागली.

“हितं कळतं?”

“न्हाई.”

“हितं?”

“न्हाई.”

घोटा. नडगी. पोटरीचा खालचा भाग. तिचे हात दिसत होते. काळे, भेगाळलेले, नखांत हळद. दाबलेल्या जागी पांढरा ठसा उठे आणि मावळे.

“हितं तरी?”

“न्हाई कळत.”

“आदी कळायचं का हितं? काल? गेल्या म्हैन्याला?”

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे त्याला माहीतच नव्हतं. पोटरीला काल कळत होतं की नाही, हे कळायला काल पोटरीला कुणीतरी हात लावायला हवा होता. लीलाबाई रात्री खोबरेल लावायची, बडबडत, गुडघ्यापर्यंत, तेव्हा कळायचं. त्यानंतर त्या पायाला कुणी शिवलं नव्हतं. आदिनाथ बूट आणून देई, प्रेरणा गोळ्या डबीत भरून ठेवी, दोघंही वाईट नव्हते. पण पायाची हद्द कुठं आहे ते मोजायला कुणी आलं नव्हतं. हद्द किती वर्षं वर वर सरकत होती कुणास ठाऊक. कदाचित आज सकाळी सरकली. कदाचित कधीच सरकून बसली होती आणि तिथं कुणी बोट ठेवलं नव्हतं म्हणून त्याला ती अजून आपलीच जमीन वाटत होती.

“ठावं न्हाई,” तो म्हणाला.

आक्काने वर पाहिलं. भावाच्या तोंडून हे दोन शब्द तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकले. गुडघ्याच्या खाली, वाटीपाशी, तिने अंगठा रोवला.

“हं,” तो म्हणाला. “हितं. जरा.”

“जरा का लय?”

“जरा.”

डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, वाट बघायची. दर थोड्या वेळाने पापण्या बघायच्या. मिटायला लागल्या तर लगेच हाक मारा, इंजेक्शन तयार आहे. झोपू देऊ नका. बोलतं ठेवा.

“ह्येला?” आक्का म्हणाली. “ह्येला गप्प ठेवायचं औशद असंल तर सांगा.”

पण हौशीरामला बोलायला काही सापडेना. त्याने अजगराची नळी काढून पाहिली. ती मधेच लोंबकळली. “ते नको,” आक्का म्हणाली. “ते ऐकलंय. दुसरं सांग कायतरी. लीलाचं सांग.” लीलाबाईचं काय सांगायचं? ती खोबरेल लावायची, एवढंच तो म्हणाला. आक्काने मान हलवली, जणू ही फार मोठी हकिगत होती आणि तिचा पुढचा भाग उद्या ऐकला तरी चालेल. मोईन चहा घेऊन आला. आक्काने तो हातात धरला आणि गार होऊ दिला. खिडकीबाहेर एक सरडा भिंतीवर मान वरखाली करत होता, कुणाला तरी सारखं होकार देत असल्यासारखा. दुपार उतरली. हौशीरामने पापण्या ताणून धरल्या होत्या आणि त्याला समजत नव्हतं की त्या मिटू नयेत म्हणून तो लक्ष ठेवून आहे, की कधी मिटतात म्हणून.

कधीतरी आक्काचं डोकं खाली आलं. स्टुलावर बसल्या बसल्या ती पुढं झुकली आणि त्याच्या नडगीवर गाल टेकवून झोपली. हे त्याला कळलं नाही; दिसलं. पांढरे केस, विरळ झालेला भांग, कपाळावरचं कुंकू चादरीला लागलेलं. तोंड किंचित उघडं. डोक्याला वजन असणार. किती असेल? भोपळ्याएवढं? नारळाच्या पोत्याएवढं, असं त्याने एरवी सांगितलं असतं. त्याने ते वजन जाणवतंय का म्हणून पायाच्या दिशेने फार लांबून कान दिल्यासारखं केलं. काही आलं नाही. पण पाय हलला तर ती जागी होईल, हे मात्र त्याला लख्ख कळलं. दोन दिवसांची उपाशी बाई. आणि ज्या पायाचं आपल्याला काही कळत नाही तो हललेला तरी कसा कळणार? एकच उपाय होता. त्याने डोळे उघडे ठेवले आणि पायावर रोखले. पाय जरा कुठं थरथरतोय असं दिसलं की तो मांडीतून जोर लावून त्याला धरी. पापण्यांचं तो विसरला. पाऊस थांबला, पुन्हा लागला. कुणीतरी दिवे लावले.

“आजोबा,” डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. हातात फोन होता. “आलं उत्तर. कवड्याच आहे. बिनविषारी. तरी सकाळपर्यंत ठेवून घेते तुम्हाला, शुगर फार वाढलीय. पण घाबरायचं काही नाही आता.”

“बरं,” हौशीराम म्हणाला. त्याने नजर पायावरून काढली नाही.

“आजींना उठवते. केव्हाच्या अशाच आहेत, पायाला मुंग्या आल्या असतील तुमच्या.”

“आल्यात की,” तो म्हणाला. “लय आल्यात. पार मांडीपतूर वारूळ झालंय नुसतं. ऱ्हाऊ द्या तिला.”